भाचीची हनुवटी डावीकडे सरकत चालली आहे. कारण कसं शोधायचं, कुठल्या क्रमाने?

गंगावेस_मामा

नमस्कार मंडळी. भाची १७ वर्षांची, बारावी सायन्स. दहावीच्या हॉल तिकिटावरच्या फोटोत चेहरा सरळ आहे, आताच्या कॉलेजच्या ओळखपत्रावर हनुवटी डावीकडे गेलेली स्पष्ट दिसते. खालच्या पुढच्या दोन दातांमधली रेघ वरच्या रेघेच्या डावीकडे आहे, पट्टीने मोजली तर साधारण ४ मिमी. दात मिटल्यावर डाव्या बाजूच्या खालच्या दाढा वरच्या दाढांच्या बाहेर येतात. दुखणं नाही, तोंड पूर्ण उघडतं, लहानपणी हनुवटीवर पडल्याचं घरात कुणालाच आठवत नाही.

आतापर्यंत मिळालेले सल्ले: आजी म्हणते तोंडावरून वारं गेलंय. एका दवाखान्यात सांगितलं, उद्याच तारा बसवूया. एका ब्युटी क्लिनिकमध्ये दुसऱ्या बाजूला फिलर (इंजेक्शनने घालायचा भराव) भरून 'बॅलन्स' करतो म्हणाले. मैत्रिणींनी जॉलाइनचं कडक च्युइंगम आणून दिलंय. सगळे म्हणतात एका बाजूने चावते म्हणून झालं.

विचारायचंय ते असं. हे नक्की कशामुळे, तपासण्या कुठल्या क्रमाने, आणि फेब्रुवारीतल्या परीक्षेपर्यंत थांबलं तर काही बिघडेल का?

---

जबडा_सर्जन

मामा, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे हॉल तिकीट आणि ओळखपत्र. चेहरा किती मिमी वाकडा आहे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तो बदलतोय का आणि कधीपासून. जन्मापासून तेवढाच वाकडा असलेला चेहरा आणि दोन वर्षांत वाकडा झालेला चेहरा फोटोत अगदी सारखे दिसू शकतात, उपचार मात्र पूर्ण वेगळे.

थोडा फरक सगळ्यांच्याच चेहऱ्यात असतो. हनुवटी मध्यापासून ३-४ मिमीपर्यंत सरकलेली असेल तर समोरच्याला सहसा कळत नाही, आरशासमोर तासभर उभ्या राहणाऱ्याला कळते. पण दाढा उलट्या बसायला लागल्या म्हणजे हे आरशातलं खूळ नाही, खरंच काहीतरी हललंय.

दिशेचा नियम सोपा आहे. जबड्याची एक बाजू जास्त वाढली तर हनुवटी त्या बाजूपासून लांब जाते. एक बाजू कमी वाढली किंवा तिथला सांधा आखडला तर हनुवटी त्याच बाजूकडे झुकते. म्हणजे भाचीच्या बाबतीत दोनच मोठ्या शक्यता: उजवी बाजू जास्त वाढतेय, किंवा डावी मागे राहिलीय. डावी मागे राहिली असती तर खूण लहानपणापासून दिसली असती, आणि सांधा आखडलेला असता तर तोंड कमी उघडलं असतं, उघडताना हनुवटी आणखी डावीकडे गेली असती. तोंड पूर्ण उघडतंय, बदल पंधराव्या-सोळाव्या वर्षानंतरचा, दुखत नाही, डाव्या बाजूला उलटा चावा. हे सगळं मिळून बोट उजव्या कॉन्डाइलकडे जातं. कॉन्डाइल म्हणजे कानाच्या पुढे जो सांधा हलतो, त्यातलं खालच्या जबड्याचं डोकं. एका बाजूच्या डोक्यातलं वाढीचं केंद्र थांबायच्या वेळी थांबत नाही. वयात येण्यापासून विशी-पंचविशीपर्यंत कधीही सुरू होऊ शकतं आणि मुलींमध्ये जास्त आढळतं. त्याला कॉन्डायलर हायपरप्लेजिया म्हणतात. पडद्यावरून निदान होत नाही, हा अंदाज आहे, पण क्रम ठरवायला पुरेसा आहे.

घरी आज रात्री चार गोष्टी करून बघा.

पहिली: तिची स्वतःची तीन बोटं (तर्जनी, मधलं, अनामिका) उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का. साधारण ४० मिमी म्हणजे ठीक. उघडताना हनुवटी सरळ खाली येते की वळण घेते ते बघा.

दुसरी: आईस्क्रीमची चपटी लाकडी काडी दोन्ही सुळ्यांच्या मागे आडवी धरून हलकं चावायला सांगा आणि समोरून फोटो काढा. काडी आणि दोन्ही बुबुळं जोडणारी रेघ समांतर हवी. काडी एका बाजूला खाली झुकली तर वरचा जबडाही त्यात ओढला गेलाय.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये कापसाचे बोळे ठेवून ५ ते १० मिनिटं बसवा, स्नायूंना जुनी सवय विसरू दे. मग बोळे काढून अगदी सावकाश दात मिटायला लावा आणि पहिला दात कुठे टेकतो ते बघा. पहिल्या स्पर्शाला दोन्ही रेघा जुळत असतील आणि नंतर जबडा डावीकडे घसरत असेल, तर खोड दातात आहे, हाडात नाही. पहिल्या स्पर्शालाच ४ मिमी सरकलेलं असेल तर हाडाचा प्रश्न.

चौथी: दोन्ही बाजूंना कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवून दात घट्ट आवळायला सांगा. एकीकडे गोळा स्पष्ट मोठा लागला तर मॅसेटर, म्हणजे चावायचा स्नायू, फुगलाय. आवळूनही कडक न होणारी, कानाची पाळी वर उचलणारी सूज असेल तर ती लाळग्रंथीची, तिची वाट निराळी.

---

तारवाली_ताई

वरच्या उत्तराला पूर्ण दुजोरा, आणि तारांबद्दल जरा कडक शब्दांत लिहिते. हाड अजून सरकत असताना तारा लावून दात सरळ करणं म्हणजे चालत्या एसटीत सुईत दोरा ओवणं. आज मिडलाइन (वर-खालच्या दातांमधल्या रेघा) जुळवाल, आठ महिन्यांनी परत २ मिमी गेलेली असेल.

त्याहून वाईट म्हणजे तारा दातांना कलते करून हाडातला दोष झाकतात. अशा जबड्यात खालचे दात आधीच एका बाजूला झुकून तडजोड करत असतात. ती तडजोड आणखी वाढवली, वर एखादी दाढ काढून जागा केली, आणि मग दोन वर्षांनी शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनला हाड हवं तेवढं हलवताच येत नाही, कारण दात आधीच भिडतात. मग सगळं उलट फिरवायचं. काढलेली दाढ परत येत नाही.

तारा आधीच बसवल्या असतील तर काढायची घाई नको. तार निष्क्रिय ठेवायची, रबर बंद, आणि कारण कळेपर्यंत पुढची ओढ नाही.

शस्त्रक्रिया ठरलीच तर तारांचा क्रम उलटा असतो. साधारण १२ ते १८ महिने दात त्यांच्या-त्यांच्या हाडावर नीट उभे करायचे. या काळात चेहरा आणि चावा दोन्ही आधीपेक्षा वाईट दिसतात, आणि हे पालकांना आधी सांगितलं नाही तर सातव्या महिन्यात भांडण ठरलेलं. शस्त्रक्रियेनंतर आणखी सहा महिने ते वर्षभर बारीक जुळवणी, मग दात जागेवर धरून ठेवणारं रिटेनर.

अपवाद लहान मुलांचा. सहा ते दहा वर्षांच्या मुलाचा वरचा जबडा अरुंद असेल आणि कापसाच्या चाचणीत जबडा घसरताना दिसत असेल, तर तिथे थांबायचं नाही. वरचा जबडा रुंद करणारं उपकरण (क्वाड हेलिक्स किंवा स्क्रूचं एक्स्पान्डर) बसवलं की काही महिन्यांत घसरणं थांबतं. ते सोडून दिलं तर मूल वर्षानुवर्षं जबडा एकीकडे नेऊन चावतं आणि वाढतं हाड तसंच घडत जातं. मामा, तुमच्याकडे 'एका बाजूने चावते म्हणून' हे जे सगळे म्हणतात, ते या वयाला थोडंफार लागू आहे. सतराव्या वर्षी एका बाजूने चावल्याने स्नायू जाड-बारीक होतील, हनुवटी ४ मिमी सरकणार नाही. उलट दात नीट बसत नाहीत म्हणून ती एका बाजूने चावत असेल.

---

गंगावेस_मामा

ताई, डॉक्टर, आभार. तारा बसवलेल्या नाहीत, वाचलो. ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एकाच फिल्मवरचा) एक्सरे काढलेला आहे, त्यात उजवा सांधा मोठा दिसतो असं तंत्रज्ञ म्हणाला. तेवढ्यावर ठरतं का? आणि कुणीतरी 'बोन स्कॅन'चं नाव काढलं, किरणोत्सर्गी इंजेक्शन म्हटल्यावर बहीण घाबरलीय.

---

जबडा_सर्जन

ओपीजी चांगली सुरुवात, पण त्यात एक खोट आहे. डोकं यंत्रात जरा जरी वळलं तर एक बाजू आपोआप मोठी येते. ओळखायची युक्ती: दोन्ही बाजूंच्या पहिल्या दाढांची रुंदी एक्सरेवर मोजा. उजवीकडच्या सगळ्या दाढाच जाड दिसत असतील तर फक्त सांधा मोठा नाही, डोकंच वळलेलं होतं. दाढा सारख्या आणि कॉन्डाइलची मान मात्र लांब, तर दखल घ्यायची. नेमकं मोजायला सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) लागते, दोन्ही कॉन्डाइलची उंची त्यात मिमीमध्ये येते.

पण ओपीजी काय किंवा सीबीसीटी काय, आकार सांगतात. वाढ चालू आहे की थांबली हे सांगत नाहीत. त्यासाठी बोन स्कॅन, आणि तो साधा नाही, स्पेक्ट (त्रिमितीय चित्र देणाऱ्या) प्रकारचा हवा. हातात टेक्नेशियम ९९एम एमडीपी या किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन देतात, दोन-तीन तास थांबवतात, त्या वेळात भरपूर पाणी प्यायला लावतात, मग अर्ध्या तासाच्या आसपास यंत्राखाली पडून राहायचं. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, एका दिवसात बहुतेक निघून जातं. किरण शून्य नाहीत, पण एकदा करायला भिण्याइतके नाहीत. गर्भवती असेल तर करत नाहीत, म्हणून मुलीला पाळीची तारीख विचारतात, त्यात वावगं काही नाही.

रिपोर्टमध्ये 'उजवीकडे वाढीव ग्रहण' (म्हणजे तिथल्या हाडाने औषध जास्त ओढलं) एवढंच लिहून आलं तर परत पाठवा. डावा आणि उजवा कॉन्डाइल यांचं टक्क्यातलं प्रमाण मागा. दोघांची बेरीज १०० धरून ५५ विरुद्ध ४५ किंवा त्याहून जास्त फरक असेल तर वाढ चालू असल्याचा संशय पक्का होतो. तरी एकट्या आकड्यावर चाकू उचलायचा नसतो. सांध्याला सूज, संधिवात, ताजा मार असेल तरीही ग्रहण वाढतं. दुसऱ्या बाजूचा सांधा झिजत असला तर प्रमाण उलटंसुलटं होतं. त्यामुळे स्कॅनच्या जोडीला सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेले फोटो, दातांचे साचे आणि मापं हवीत. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर मग ठरवायचं.

वाढ चालू असल्याचं सिद्ध झालं तर कॉन्डाइलचा वरचा थर, साधारण ४ ते ५ मिमी, काढून टाकतात. छेद कानाच्या पुढच्या घडीत, व्रण सहसा लपतो. सांध्यातली गादी जागेवर ठेवतात. वाढीचं केंद्रच गेलं की सरकणं थांबतं. काही ठिकाणी फक्त ४-५ मिमी न काढता दोन्ही बाजूंच्या उंचीतला पूर्ण फरक काढतात, मग पुढची मोठी शस्त्रक्रिया कधी कधी टळते. धोका चेहऱ्याच्या नसेच्या कपाळाकडे जाणाऱ्या फांदीचा: काही आठवडे ते महिने त्या बाजूची भुवई उचलता न येणं. बहुतेकांचं परत येतं. सगळ्यांचं येईलच अशी हमी कुणी देत असेल तर दुसरा सर्जन बघा.

वाढ थांबलेली असेल तर सांध्याला हात लावायचं कारण उरत नाही. तेव्हा तारा, आणि नंतर खालचा जबडा दोन्ही बाजूंनी आतून कापून फिरवून प्लेट-स्क्रूने बसवणं. काडी तिरकी आली असेल तर वरचा जबडाही. फक्त हनुवटीचं टोक मध्यावर आणणं (जीनिओप्लास्टी) हा छोटा मार्ग आहे, पण चावा जिथल्या तिथे राहतो, त्यामुळे दाढा उलट्या असलेल्यांना तो अर्धाच उपाय.

खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होणं जवळपास ठरलेलं. काही महिन्यांत कमी होतं, काहींना थोडा भाग कायमचा बधिर राहतो. सही करायच्या आधी हे तिच्याशी, फक्त तुमच्याशी नाही, बोलून घ्यायला हवं. पहिले चार ते सहा आठवडे चावायचं नाही. पांढरा रस्सा गाळून कोमट चालतो. तांबडा पहिले पंधरा दिवस तरी नको, तोंडातल्या टाक्यांना झोंबतो. भडंग आणि मिसळीतली शेव दोन महिने विसरायची.

परीक्षेबद्दल: थांबा, बिनधास्त. वाढीचा वेग महिन्याला मिलिमीटर असा नसतो. आता नोंदी घेऊन ठेवल्या तर फेब्रुवारी-मार्चनंतर होणारी दुसरी नोंद हीच तपासणीचा भाग होते. म्हणजे परीक्षेपर्यंतचा वेळ वाया जात नाही.

---

राजारामपुरी_फिजिओ

आजींच्या 'वारं'बद्दल, कारण हा गैरसमज दोन्ही बाजूंनी नुकसान करतो.

वारं जातं ते तासांत किंवा एका-दोन दिवसांत, वर्षांत नाही. आणि त्यात हाड वाकडं नसतं, चेहरा हलत नाही. तपासायला तीन हुकूम पुरतात: भुवया उचल, डोळे घट्ट मिट, दात दाखव. एका बाजूची भुवईही उचलत नाही, डोळाही पूर्ण मिटत नाही आणि तोंडही ओढलं जातंय, तर नस चेहऱ्यापर्यंत येणाऱ्या वाटेवर सुजलीय, बहुधा बेल्स पाल्सी. भुवया दोन्ही नीट उचलतात पण तोंड एकीकडे ओढलंय, हात जड पडलाय, बोलणं अडखळतंय, तर संशय मेंदूचा. तिथे वेळ मोजायची, १०८ ला फोन, सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट. गुठळी विरघळवायचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ कागदावर लिहून घ्या, रुग्णालयात पहिला प्रश्न तोच असतो.

बेल्स पाल्सीत स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर फायदा. मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोनचा एक नेहमीचा कोर्स २५ मिग्रॅ दोन वेळा, १० दिवस, पण डॉक्टरांनी साखर-बीपी बघूनच. कानात फोड आणि भयंकर कानदुखी असेल तर तो नागिणीचा विषाणू, त्याला विषाणूविरोधी गोळ्याही लागतात.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे डोळा. मिटत नाही तो कोरडा पडून बुबुळाला जखम होते. दिवसा दर तासा-दोन तासाला कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम घालून पापणी कागदी चिकटपट्टीने मिटलेली ठेवायची. बाहेर पडताना चष्मा.

आणि ते करंटचे शेक आणि फुगे फुगवणं. जोरात, सगळा चेहरा एकदम आवळून केलेल्या व्यायामाने नसा चुकीच्या जोडीने परत येण्याचा धोका असतो, मग हसताना डोळा मिटतो. आरशासमोर हळू, एकेक हालचाल सुटी करायची. तीन महिन्यांत काहीच हालचाल परत आली नाही तर 'वारंच आहे, जाईल' म्हणून बसू नका, नसेवर दुसरं काही आहे का ते एमआरआयने बघावं लागतं.

---

इचलकरंजीकर

धाग्यात घुसतोय, माफ करा. अडीच महिन्यांचं बाळ, मान सतत उजवीकडे कललेली, हनुवटी डावीकडे. मानेत उजव्या बाजूला घट्ट गोळी लागते. डोकंही मागून एकीकडे चपटं होतंय. मालिश करणारी मावशी म्हणते मोहरीची उशी घ्या आणि मी दाबून गोल करते.

---

राजारामपुरी_फिजिओ

दाबायचं नाही आणि उशीही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना कुठलीच उशी नको, मोहरीची असो की कापसाची, श्वास अडकण्याचा धोका असतो.

वर्णन जन्मजात टॉर्टिकोलिसचं वाटतं. मानेचा स्नायू एका बाजूला आखूड असतो, डोकं त्या बाजूला कलतं, हनुवटी उलट दिशेला वळते. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गोळी स्नायूचीच आहे का ते सोनोग्राफीत कळतं, आणि खुब्यांचीही तपासणी करून घ्या, दोन्ही दोष कधी कधी एकत्र येतात.

ताण द्यायची पद्धत बाळरोग फिजिओकडून हातात हात धरून शिका, फोनवरून नाही. कल्पना यावी म्हणून: एक हात उजव्या खांद्यावर स्थिर, दुसऱ्याने डोकं हळू डावीकडे कलवायचं, डावा कान डाव्या खांद्याकडे, १० ते ३० सेकंद, तीन ते पाच वेळा, दर लंगोट बदलताना. वेगळ्या वेळी हनुवटी उजव्या खांद्याकडे वळवायची. बाळ रडून विरोध करू लागलं की तिथेच सोडायचं. जोर लावला तर स्नायू फाटतो. जागं असताना पोटावर पालथं ठेवा, दिवसभरात थोडं थोडं करून. खुळखुळा, दिवा, आईचा चेहरा, सगळं उजवीकडून दाखवा, म्हणजे बाळ स्वतःच मान वळवेल. झोपवायचं मात्र उताणंच.

तीन महिन्यांच्या आत सुरू केलं तर बहुतेक बाळांचं शस्त्रक्रियेविना सुटतं. वर्ष उलटूनही आखूडपणा राहिला तर स्नायू सोडवतात. सोडून दिलं तर गाल, डोळा, जबडा सगळंच त्या बाजूला आखूड वाढतं, आणि मग पंधरा वर्षांनी याच धाग्यावर प्रश्न येतो.

एक बघून ठेवा: वरून पाहिल्यावर चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असेल तर ते झोपण्याच्या स्थितीने झालेलं. कान मागे-खाली ओढलेला आणि कवटीच्या सांध्यावर कडक कड लागत असेल तर कवटीचा सांधाच वेळेआधी बंद झालेला असू शकतो, तिथे न्यूरोसर्जन लागतो.

---

त्वचा_ते_हाड

फिलर आणि च्युइंगमचं राहिलंय म्हणून.

कडक च्युइंगम आणि तोंडात धरून चावायचे सिलिकॉनचे गोळे मॅसेटर वाढवतात. हाड सरळ करत नाहीत. ज्याचा सांधा आधीच वाढतोय त्याने त्याच सांध्यावर रोज तासभर ताण द्यावा, हा सल्ला कुठल्या डोक्यातून आला देव जाणे. जीभ टाळूला दाबून बसायचा प्रकारही मोठ्या माणसाचा जबडा हलवत नाही.

फिलर चांगली वस्तू आहे, चुकीच्या जागी वाईट. हायल्युरॉनिक ॲसिड वर्ष-दीड वर्षात विरघळतं. हाड सरकतच राहिलं तर सहा महिन्यांनी आणखी भरा, पुन्हा भरा. चेहरा जड होतो, वाकडेपणा तसाच. शिवाय सर्जनला मापं घेताना तो भराव मध्ये येतो. शिरेत गेलं तर भयंकर दुखतं, त्वचा पांढरी मग जाळीदार जांभळी पडते, डोळ्यालाही धोका. भरणाऱ्याच्या टेबलावर ते विरघळवणारं हायल्युरोनिडेज नसेल तर खुर्चीतून उठा.

मॅसेटर खरोखरच एकीकडे फुगला असेल, आणि हाड सारखं असेल, तर बोटॉक्सचा उपयोग होतो: मोठ्या बाजूला साधारण २० ते ३० युनिट, परिणाम दिसायला चार-सहा आठवडे, टिकतं चार-सहा महिने. वेगवेगळ्या ब्रँडची युनिट एकमेकांच्या बरोबरीची नसतात, त्यामुळे 'तिकडे स्वस्तात जास्त युनिट देतात' हे गणित फसवं. स्वतःची चरबी भरायची तर काही भाग पहिल्या काही महिन्यांत विरतो, म्हणून दोन वेळा करायची तयारी हवी. एका बाजूचा गाल वर्षानुवर्षं खप्पड होत जाणाऱ्या पॅरी-रॉम्बर्ग आजारात ती कामाची, पण आजार थांबल्यावर.

---

जबडा_सर्जन

दोन गोष्टी जोडतो, मग थांबतो.

मुलगा हनुवटीवर पडला, हनुवटीला टाके पडले, घरी गेला. इथेच चूक होते. हनुवटीवरचा मार थेट दोन्ही कॉन्डाइलला पोचतो. कानापुढे दाबून दुखतंय का, तोंड उघडताना हनुवटी एकीकडे जाते का, हे बघायलाच हवं. मुलांमध्ये मोडलेला कॉन्डाइल बहुतेक वेळा कापून जोडावा लागत नाही, पण जबडा फार दिवस बांधून ठेवला तर सांधा जखडतो. लवकर उघडझाप सुरू करायची आणि पुढे काही वर्षं दर सहा महिन्यांनी मापं घ्यायची. जखडलेल्या सांध्यात घरचे लोक हमखास फसतात: जखडलेली बाजू भरलेली, गुबगुबीत दिसते, आणि चांगली बाजू सपाट, लांब. सगळे चांगल्या बाजूकडे बोट दाखवून 'ही बसलीय' म्हणतात. अशा सांध्याची शस्त्रक्रिया झाल्यावर तोंड उघडायचा व्यायाम किमान सहा महिने रोज, दुखलं तरी. तो टाळला की हाड परत जुळतं.

दुसरं मोठ्यांसाठी. चाळिशीनंतर एक गाल नव्याने भरल्यासारखा वाटतोय, तिथे वर्षानुवर्षं मावा नाहीतर तंबाखूचा बार असतो, किंवा घरातली बाई मिश्री लावते, तर 'चेहरा वाकडा' या शीर्षकाखाली वाचत बसू नका. आतून बॅटरी मारून बघा: पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कडक गाठ, तोंड उघडायला आखडणं, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात तुकडा तपासायला पाठवा. आणि दाढ ठणकते, ताप आहे, गाल दोन दिवसांत सुजलाय, तर तो पू आहे. गिळायला त्रास किंवा जिभेखाली सूज आली तर सकाळची वाट बघू नका.

---

गंगावेस_मामा

सगळं करून बघितलं. तीन बोटं आरामात जातात, उघडताना सरळ. काडी जवळजवळ समांतर. कापसाचे बोळे दहा मिनिटं ठेवले, पहिल्या स्पर्शालाच रेघा ४ मिमी लांब, घसरत नाही. स्नायू दोन्हीकडे सारखे. म्हणजे हाडाचंच. आता कुठे जाऊ आणि सोबत काय नेऊ?

---

तारवाली_ताई

काडी समांतर म्हणजे वरचा जबडा अजून ओढला गेला नाही, ही चांगली बातमी. आडवी वाढ जास्त, उभी कमी.

एकट्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे (तारा लावणाऱ्या दंततज्ज्ञाकडे) नको, एकट्या सर्जनकडेही नको. दोघं एकाच छताखाली बसतात अशी जागा म्हणजे दंत महाविद्यालय. जवळ नवे पारगावचं, नाहीतर सांगली किंवा कराड. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या दंत ओपीडीतूनही पुढची चिठ्ठी मिळते. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का हे शस्त्रक्रिया ठरल्यावर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आधी नाही. दिसण्यासाठीची आणि चाव्यासाठीची शस्त्रक्रिया कागदावर वेगळी मोजली जाते, त्यामुळे केस पेपरवर उलटा चावा आणि चावायची अडचण मोजमापासह लिहिलेली हवी.

नोंद म्हणून आजच फोटो काढा. फोन स्टँडवर, नाकाच्या उंचीला, दीड मीटर लांब, दुप्पट झूम. हातातल्या सेल्फीत जवळची बाजू फुगते. केस बांधलेले, दोन्ही कान दिसतील असे, पाठीमागे दाराची चौकट, म्हणजे मान कलली तर कळेल. ओठ सैल, दात मिटलेले, हसरा, काडीसकट, दोन्ही बाजूंनी, आणि मान मागे टाकून खालून वर. याच जागी, याच उंचीला परीक्षा संपल्यावर परत.

सोबत ओपीजी (फोटो नाही, मूळ फिल्म किंवा सीडी), पाळी कधी सुरू झाली ते वय, गेल्या दोन वर्षांतली उंची, आणि जुने फोटो. जुन्या फोटोंमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचे आरशासारखे उलटलेले फोटो मिसळलेले असतात, त्यात डावी हनुवटी उजवी दिसते आणि अख्खं निदान फिरतं. गणवेशाच्या बिल्ल्यावरचं किंवा मागच्या पाटीवरचं अक्षर सरळ वाचता येतंय का ते बघूनच फाइलला लावा.